मूठ आठवते, मागणी आठवत नाही

मेक्सिको शहरातला १६ ऑक्टोबर १९६८ चा तो फोटो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. २०० मीटर शर्यतीत पहिला आलेला टॉमी स्मिथ आणि तिसरा आलेला जॉन कार्लोस पदकमंचावर उभे आहेत. पायात बूट नाहीत, फक्त काळे मोजे. मान खाली आणि काळा हातमोजा घातलेली मूठ वर. हा फोटो आपल्या कार्यकर्त्यांच्या खोल्यांत लागलेला असतो, जयंतीच्या बॅनरवर असतो, मोबाईलच्या स्टेटसवर तर नेहमीच असतो. ब्लॅक पँथर आणि दलित पँथरचे नाते सांगताना आम्हीही तो अनेकदा वापरला आहे.

पण त्या मुठीमागे मागण्यांची एक यादी होती, ती किती जणांना ठाऊक आहे? समाजशास्त्राचे तरुण प्राध्यापक हॅरी एडवर्ड्स यांच्या पुढाकाराने 'ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स' ही चळवळ उभी राहिली होती. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका आणि ऱ्होडेशिया यांना ऑलिंपिकमधून बाहेर ठेवा. मुहम्मद अलीचा काढून घेतलेला जगज्जेतेपदाचा किताब परत द्या. ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांना हटवा. या मागण्या कानावर पडलेल्या असतात. यादीत आणखी एक मागणी होती, ती मात्र कोणी बॅनरवर लिहीत नाही. अमेरिकेच्या पुरुषांच्या ॲथलेटिक्स संघात आणखी काळे प्रशिक्षक नेमा, ही ती मागणी. जागा होत्या त्या सहायक प्रशिक्षकाच्या.

जागतिक वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्यात सहायक प्रशिक्षकाच्या नोकरीची मागणी कशाला, असे वाटू शकते. आमचे म्हणणे उलट आहे. त्या यादीतली ही सर्वांत रूक्ष मागणी आपल्या तरुणांनी सर्वांत नीट वाचली पाहिजे.

आधी हा सहायक प्रशिक्षक म्हणजे कोण ते पाहू. अमेरिकेत धावपटू घडतात ते मुख्यतः कॉलेजांत. ॲथलेटिक्सच्या एका संघात धावणारे, उड्या मारणारे, गोळा आणि थाळी फेकणारे असे सगळे येतात. एका माणसाला हे सगळे जमत नाही, म्हणून मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक असतात. एक वेगवान धावपटूंकडे, एक फेकींकडे, एक लांब पल्ल्याकडे. पहाटे मैदानावर आधी येणारा आणि शेवटी जाणारा तोच. नवी मुले शोधायला गावोगाव फिरणारा तोच, मुलाच्या आईशी बोलणारा तोच, दुखावलेल्या स्नायूवर बर्फ लावून वर्गात हजेरी लागली का ते विचारणाराही तोच. मुलगा जिंकला की वर्तमानपत्रात नाव येते ते मुख्य प्रशिक्षकाचे. संघात कोण जाईल, पैसा कुठे खर्च होईल, पुढचा प्रशिक्षक कोण, हे ठरवणाराही मुख्य प्रशिक्षक आणि त्याच्या वरची मंडळीच.

आता यात रंग मिसळा. अमेरिकेच्या कॉलेजांत वेगाच्या शर्यतींत काळी मुले मोठ्या संख्येने धावतात, पण मोठ्या विद्यापीठांतले मुख्य प्रशिक्षक आजही बहुतांश गोरेच आहेत. काळा खेळाडू धावणे संपल्यावर प्रशिक्षक झाला तर त्याच्या वाट्याला येते ती सहायकाची खुर्ची, आणि पुष्कळदा तो तिथूनच निवृत्त होतो. धावपट्टी आमची, शिट्टी त्यांची, असा हा सौदा आहे.

या खुर्चीत बसलेल्या एका माणसाची कहाणी आपल्या चळवळीने अभ्यासावी अशी आहे. त्याचे नाव स्टॅन राइट. ह्यूस्टनच्या टेक्सास सदर्न या काळ्यांच्या विद्यापीठात ते अनेक वर्षे मुख्य प्रशिक्षक होते. १९६८ मध्ये १०० मीटर ९.९५ सेकंदांत जिंकणारा जिम हाइन्स याच विद्यापीठाचा. आपल्या समाजाच्या कॉलेजात राइट मुख्य होते, पण संघ ऑलिंपिकचा झाला की ते सहायक होत. १९६८ च्या ऑलिंपिक संघात ते सहायक प्रशिक्षक होते आणि वेगवान धावपटू त्यांच्याकडे होते. त्या वर्षी १०० मीटरच्या अंतिम शर्यतीतले आठही धावपटू काळे होते. ४ गुणिले १०० मीटर रिलेत चार काळ्या अमेरिकन मुलांनी जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकले. यापेक्षा मोठी गुणवत्ता कोणती दाखवायची?

इथे एक अडचणीची गोष्ट येते, ती झाकून चालणार नाही. एडवर्ड्स यांच्या चळवळीने किमान दोन काळे प्रशिक्षक मागितले आणि त्यांत स्टॅन राइट धरू नका, असे स्पष्ट सांगितले. राइट आहेत ते व्यवस्थेशी जुळवून घेणारे, ते आमचे प्रतिनिधी नाहीत, असा त्याचा अर्थ. राइट बहिष्काराच्या बाजूचे नव्हते. म्हणजे गोऱ्यांच्या लेखी ते सहायक आणि चळवळीच्या लेखी परके.

चार वर्षांनी, १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये राइट पुन्हा सहायक होते. मुख्य प्रशिक्षक होते ओरेगनचे बिल बॉवरमन. एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन या दोन धावपटूंनी निवड चाचणीत ९.९ सेकंदांची, म्हणजे तेव्हाच्या जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारी वेळ दिली होती. ३१ ऑगस्टला सकाळच्या फेऱ्या झाल्या. पुढची फेरी संध्याकाळी आहे असे राइट धरून चालले, कारण त्यांच्या हातात होते ते जुने वेळापत्रक. दुपारी बसची वाट पाहताना या मंडळींना टीव्हीवर धावपटू रांगेत उभे राहताना दिसले. सकाळचेच चित्रण पुन्हा दाखवत असतील असे त्यांना वाटले. ते थेट प्रक्षेपण होते. धावपळ करून मोटारीने मैदान गाठले तोवर हार्ट आणि रॉबिन्सन यांच्या शर्यती होऊन गेल्या होत्या. तिसरा, रॉबर्ट टेलर, कसाबसा पोहोचला आणि त्याने पुढे रौप्य जिंकले. सुवर्ण सोव्हिएत संघाच्या बोर्झोव्हने नेले.

राइट यांनी सगळ्या जगासमोर सांगितले की दोष माझा. टीव्हीवरच्या मुलाखतीत त्यांना उभे-आडवे विचारण्यात आले. चूक त्यांची होती का? होती. दोन मुलांची आयुष्यभराची मेहनत वाया गेली, तिची भरपाई कशानेही होत नाही. पण आम्हाला पडणारा प्रश्न पुढचा आहे. बदललेले वेळापत्रक प्रत्येक प्रशिक्षकाच्या हातात पोहोचले का, हे पाहणारे संघात दुसरे कोणीच नव्हते? मुख्य प्रशिक्षक होते, व्यवस्थापक होते, मोठी ऑलिंपिक समिती होती. सुवर्णाच्या वेळी संघ 'आपला' असतो आणि वेळ चुकली की ती एका सहायकाची चूक असते. अधिकार वर जातो, जबाबदारी खाली येते. जातिव्यवस्थेत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

राइट यांना अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲथलेटिक्स हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले ते १९९३ मध्ये. ऑलिंपिक संघाचे मुख्य प्रशिक्षकपद त्यांना कधीच मिळाले नाही. पुरुषांच्या संघाला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक मिळाला तो १९७६ मध्ये, लीरॉय वॉकर यांच्या रूपाने. तेही काळ्यांच्याच विद्यापीठातून, नॉर्थ कॅरोलिना सेंट्रलमधून आलेले. म्हणजे १९६८ ची ती रूक्ष मागणी अवास्तव नव्हती. लायक माणसे तेव्हाही होती. खुर्ची द्यायची तयारी नव्हती.

यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट प्रतिनिधित्वाची. आपल्यातला एक माणूस सहायकाच्या जागी बसवला म्हणजे प्रतिनिधित्व झाले, असे व्यवस्था सांगते. पण त्याला निवडले कोणी? काढायचा अधिकार कोणाकडे? पुणे करारानंतर हाच प्रश्न आपल्यापुढे उभा राहिला. राखीव जागेवर आपला माणूस निवडून येणार, पण कोणाच्या मतांनी? कांशीराम यांनी १९८२ मध्ये, पुणे कराराला पन्नास वर्षे होताना, 'चमचा युग' लिहिले ते यावरच. एडवर्ड्स यांची चळवळ राइटना वगळून दोन प्रशिक्षक मागत होती तेव्हा तिला हेच म्हणायचे होते. ती मागणी बरोबर होती असे आम्ही मानतो.

पण त्याच वेळी त्या चळवळीची जी चूक झाली, ती आपण रोज करतो. मागणी मुळात खुर्चीच्या अधिकाराबद्दल होती. आपण मात्र खुर्चीत बसलेल्या माणसावर शिक्का मारून मोकळे होतो. पोटासाठी, कुटुंबासाठी, कधी खरोखर मुले घडवण्यासाठी व्यवस्थेत शिरलेल्या आपल्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी चमचा ठरवतो. मग त्याच्यावर संकट येते तेव्हा तिकडचे त्याला वाचवत नाहीत आणि इकडचे विचारत नाहीत. म्युनिकच्या त्या दिवशी राइट एकटे होते. चमचेगिरीवर टीका करायलाच हवी, पण चमचेगिरी आणि नाइलाजाची नोकरी यांतला फरक ओळखण्याइतकी तरी प्रौढी चळवळीत असावी.

दुसरी गोष्ट पैशाची. १९९१ मध्ये अमेरिकेच्या कॉलेज क्रीडा संघटनेने, एनसीएएने, खर्च कमी करण्याच्या नावाखाली 'मर्यादित वेतन प्रशिक्षक' असा एक वर्ग तयार केला. पुढच्या वर्षापासून या वर्गातल्या सहायकांना शैक्षणिक वर्षात १२,००० डॉलर आणि उन्हाळ्यात ४,००० डॉलर, यापेक्षा जास्त द्यायचे नाही असा नियम लागू झाला. मुख्य प्रशिक्षकाच्या पगाराला अशी मर्यादा नव्हती. कात्री लागली ती सगळ्यात खालच्या पायरीला.

त्या प्रशिक्षकांनी काय केले? ते न्यायालयात गेले. कॉलेजांनी एकत्र बसून मजुरीचा भाव ठरवणे हे स्पर्धाविरोधी कायद्याचे उल्लंघन आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठ न्यायालयाने १९९८ मध्ये ते मान्य केले. ज्युरीने ठरवलेली भरपाई कायद्याप्रमाणे तिप्पट होऊन सुमारे ६ कोटी ७० लाख डॉलरवर गेली आणि १९९९ मध्ये एनसीएएला ५ कोटी ४५ लाख डॉलरवर तडजोड करावी लागली. पण त्याखालीही एक पायरी होती, 'स्वयंसेवक प्रशिक्षक'. काम पूर्ण, पगार शून्य, आणि कॉलेजने पगार द्यायचाच नाही असा नियम. हा प्रकार मोठ्या कॉलेजांच्या गटात बंद झाला तो थेट जुलै २०२३ मध्ये. त्यावरही खटले झाले. बिनपगारी कामाला 'सेवा' म्हटले की ते पवित्र होते, ही युक्ती तिकडेही चालते.

आता इकडे या. आपल्या मराठीत या युक्तीसाठी एक फार सुंदर शब्द आहे, मानधन. महाविद्यालयांत खेळ शिकवणारा कोच मानधनावर, तासिका तत्त्वावर शिकवणारा नेट-सेट झालेला प्राध्यापक मानधनावर, आशा आणि अंगणवाडी ताई मानधनावर. मानधन म्हणजे वेतन नव्हे. म्हणून त्याला वेतनश्रेणी नाही, रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही, आणि सुट्ट्यांच्या महिन्यांत तर मानधनही नाही. धन नाममात्र, आणि मान किती तो स्टाफरूममध्ये गेल्यावर कळतो. कोचला तर अनेक ठिकाणी स्टाफरूममध्ये खुर्चीही नसते. झाडाखालची सायकल हेच त्याचे ऑफिस.

ही युक्ती आपल्याला नवी नाही. महार वतन म्हणजे दुसरे काय होते? गावाची आणि सरकारची दिवसरात्र चाकरी करायची, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन, बलुते आणि 'वतनदार' हा मान. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले ते या मानाचे खरे स्वरूप उघडे करण्यासाठी. कामाचे तास किती, मोबदला किती, तो देणार कोण, हे कायद्यात लिहा, असा तो आग्रह होता. पुढे संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीवर बंदी घातली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी केलेले काम आपण भाषणांत सांगतो. मग आपल्याच मुलामुलींना 'अनुभव मिळेल' म्हणून फुकट राबवले जाते तेव्हा आपण गप्प का?

कंत्राटी पद्धतीने आणखी एक काम साधते. मंजूर, पूर्णवेळ पद भरायचे तर बिंदुनामावली पाळावी लागते. पद रिकामे ठेवून मानधनावर माणूस घेतला की आरक्षणाचा प्रश्नच टाळता येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला तेव्हा तरुण रस्त्यावर आले आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तो विजय खरा. पण शासन निर्णय न काढता, गाजावाजा न करता तेच काम महाविद्यालयाच्या मैदानावर चालूच आहे, आणि तिकडे आपले लक्ष नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, ते हवेच. त्याने खेळाडूला नोकरी मिळते. संघ निवडणाऱ्या टेबलावर कोण बसेल, हे त्याने ठरत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो, 'खेळात तरी जात आणू नका, तिथे फक्त गुणवत्ता चालते.' स्टॉपवॉचला जात कळत नाही, हे आम्हालाही मान्य आहे. म्हणूनच आपली मुले धावण्यात पुढे येतात. पण प्रशिक्षकाची नेमणूक स्टॉपवॉच लावून होत नाही. ती मुलाखतीने, ओळखीने, संस्थाचालकाच्या मर्जीने होते. घड्याळ जिथे संपते तिथून जात सुरू होते.

आपल्या मातीतला दाखला पाहायचा तर पालवणकर बाळू आहेत. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात साहेबांच्या जिमखान्यावर मैदानाची कामे करत होता आणि फलंदाजीच्या सरावासाठी साहेबांना गोलंदाजी टाकत होता. म्हणजे कामाने प्रशिक्षक आणि हुद्द्याने मजूर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाला त्याची गोलंदाजी चालत होती, त्याचा कप मात्र वेगळा होता. कर्णधारपद त्याला कधीच दिले नाही. बराच वाद झाल्यावर १९२० मध्ये मिळाले ते उपकर्णधारपद. इथेही 'उप'च. १९२३ मध्ये त्याचा भाऊ विठ्ठल कर्णधार झाला, तोवर बाळूची कारकीर्द संपली होती. हेच बाळू १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. म्हणून आपण त्यांचे नाव घेत नाही. त्यांचे राजकारण चुकले, हे आम्ही ठामपणे म्हणतो. पण मैदानावर त्यांच्यावर झालेला अन्याय त्यामुळे पुसला जात नाही. राइट आणि बाळू या दोघांनाही आपल्याच माणसांनी नाकारले आणि दोघांनाही वरच्यांनी 'उप' म्हणूनच ठेवले. हे दोन अन्याय एकमेकांना खोडत नाहीत.

मग करायचे काय? घोषणा पुष्कळ झाल्या, आम्ही कामे सांगतो.

आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाची माहिती माहिती अधिकारात मागवा. शारीरिक शिक्षण संचालकाचे पद मंजूर आहे का, ते किती वर्षे रिकामे आहे, त्या जागी मानधनावर किती जण राबले, विद्यार्थ्यांकडून घेतलेले क्रीडा शुल्क कुठे खर्च झाले. अर्जाला खर्च फार येत नाही, चिकाटी लागते.

धावणे संपले की आयुष्य संपले असे आपल्या खेळाडूंना वाटू देऊ नका. बी.पी.एड., एम.पी.एड. करा, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा प्रशिक्षक पदविका अभ्यासक्रम करा. पंच व्हा, निवड समितीत जा, जिल्हा संघटनेच्या निवडणुका लढवा. पोलीस भरतीच्या मैदानावर दरवर्षी हजारो मुले धावतात. त्यांच्यातून धावपटू निघतात तसे शिकवणारेही निघाले पाहिजेत. आणि मुलींनी तर यावेच, कारण अनेक आया मुलीला मैदानावर पाठवायच्या आधी विचारतात, शिकवायला बाई आहेत का?

शेवटचे काम आपल्या घरातले आहे. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, कारण दुसऱ्याच्या संस्थेत आपण कायम सहायक राहतो हे त्यांना माहीत होते. स्टॅन राइट आपल्या समाजाच्या कॉलेजात मुख्य होते, हे विसरू नका. आज समाजाच्या नावाने चालणाऱ्या कितीतरी संस्था आहेत, जयंतीला मॅरेथॉन भरवणारी मंडळे आहेत. तिथे मुलांना पहाटे शिकवणाऱ्या कोचला आपण काय देतो? शाल, श्रीफळ आणि 'समाजकार्य आहे' हे वाक्य. डीजेला लाख रुपये मोजणाऱ्या मंडळाला कोचचा महिन्याचा पगार जड जात असेल, तर वतनदारीचा रोग आपल्यातही शिरला आहे, हे कबूल करावे लागेल.

टॉमी स्मिथने मूठ खाली घेतल्यावर पुढे काय केले? ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात आणि मग कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका कॉलेजात तो अनेक वर्षे मुलांना धावायला शिकवत राहिला. हातात शिट्टी, गळ्यात घड्याळ. त्याचा तो फोटो कोणी भिंतीवर लावत नाही. या १४ एप्रिलला मुठीचा फोटो जरूर लावा. पण त्याआधी आपल्या वस्तीतल्या मैदानावर जाऊन तिथल्या कोचला एवढे विचारा : सर, तुमचा पगार किती आणि तो वेळेवर मिळतो का?

जय भीम.